वेगवेगळ्या देशांत राहिल्यावर तुम्हाला काय वाटलं? घरासारखं कुठे वाटलं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की फिरून आलेल्यांचं नको, राहिलेल्यांनी सांगा, म्हणून लिहितोय, नाहीतर मी काही जगप्रवासी वगैरे नाही. मूळचा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, घरात मराठी, दाराबाहेर कोंकणी. मस्कतला तीन वर्षं, लिस्बनला आठेक महिने, मग इंग्लंडात स्विंडनला सहा वर्षं आणि आता परत गावात. मधे सुट्टीत पॅरिस आणि रोम केलं, त्याचे फोटो आहेत, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मस्कतला 2009 मध्ये गेलो. रुवीत कंपनीची खोली, सहा जण, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तिथे एका रियालचे हजार बैसे, त्यामुळे सुरुवातीला चहाचे शंभर बैसे देताना पण हात कापायचा. शुक्रवारी सुट्टी, कुठे जायला पैसे नसायचे म्हणून जुन्या मस्कतच्या बंदरावर जाऊन बसायचो. दोन्ही बाजूंना डोंगरावर दोन किल्ले, जलाली आणि मिरानी. वर्षभर मी ते अरबांचे समजत होतो, मग आमच्या ओमानी ड्रायव्हरने सांगितलं की पोर्तुगीजांनी बांधलेत. अल्बुकर्क ह्या पोर्तुगीज सेनापतीने 1507 मध्ये मस्कत घेतलं आणि 1510 मध्ये गोवा, म्हणजे आम्ही एकाच माणसाचे मारलेले. ड्रायव्हर म्हणाला, आम्ही त्यांना 1650 मध्ये हाकलून दिलं, तुम्ही कधी? मी म्हटलं, 1961. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघून हसला, ते हसणं अजून आठवतं.

आणि मग त्याच पोर्तुगीजांच्या दारात मीच कागद घेऊन उभा राहिलो. गोव्याबाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो, 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद करायची, मग पासपोर्ट. ऐकायला सोपं आहे. आमच्या आजोबांचं नाव श वरून, पोर्तुगीज लिहिताना श साठी एक्स वापरायचे, तर जन्माच्या दाखल्यावर एक्स, लग्नाच्या नोंदीत एस, आणि बाबांच्या दाखल्यात मधलं एक अक्षरच गायब. हे तिन्ही एकच गृहस्थ आहेत हे सिद्ध करायला दीड वर्ष आणि एजंटला किती पैसे गेले ते बायकोला पण खरं सांगितलेलं नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे जुना पासपोर्ट जमा करावा लागला. आईने एवढंच विचारलं, मग रेशनकार्डावरून नाव जाणार का रे?

लिस्बनमध्ये एका म्हातारीच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहिलो. पहिल्या दिवशी तिने हातात किल्ली ठेवली आणि म्हणाली 'शाव्ह', म्हणजे आपली चावी. मग जनेला दाखवली, ते आमच्याकडचं जनेल, म्हणजे खिडकी. मोरीत बाल्द होती. सबाऊं म्हणजे साबण, अननाश म्हणजे अननस. शब्द सगळे ओळखीचे आणि वाक्य एक कळत नव्हतं, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये सगळे चेहरे ओळखीचे वाटतात पण नाव एकाचं आठवत नाही तसं काहीतरी. एका रविवारी बेलेंच्या मठात वास्को द गामाची कबर बघायला गेलो, आजूबाजूचे लोक भक्तिभावाने उभे आणि माझ्या डोक्यात आमच्याकडच्या वास्को शहराच्या, पणजी-वास्को शटल बसच्या कंडक्टरचं ओरडणं. तेलेरासला राधाकृष्णाचं देऊळ आहे, तिथे मोझांबिकमधून आलेले गुजराती भेटले, आरती गुजरातीत आणि गप्पा पोर्तुगीजमध्ये, मी दोन्हीकडे नुसता मान हलवणारा.

तर ती म्हातारी. स्वभावाने चांगली होती, सूप द्यायची. पण संध्याकाळी तक्रार सुरू व्हायची की गल्लीतली घरं टुरिस्टांना गेली, भाडी वाढली, आणि खालच्या मजल्यावर हे परदेशी एका खोलीत आठ आठ राहतात, जिन्यात मसाल्याचा वास. खालचे ते आठ म्हणजे माझेच मित्र, दोघे तर साखळीचे. मला राग यायला पाहिजे होता पण मी मान हलवत होतो, कारण हीच तक्रार मी आमच्याकडच्या आसगाव-हणजुणेबद्दल अगदी ह्याच शब्दांत करत आलो होतो, दिल्लीवाल्यांनी घरं घेतली, भाडी परवडत नाहीत, आणि आमच्या वाड्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत घाटी, म्हणजे घाटापलीकडून आलेले, भरलेत. घाटी हा शब्द आम्ही किती सहज वापरतो हे मला लिस्बनच्या जिन्यात कळलं. (हे गावात बोललो तर चहा मिळणार नाही.)

स्विंडनबद्दल लोक विचारतात तिथे बघण्यासारखं काय, तर एक मॅजिक राउंडअबाउट. पाच छोटी वर्तुळं आणि मधे एक मोठं, ज्यात गाड्या उलट्या फिरतात, मी परवाना काढल्यावर पहिले सहा महिने लांबचा रस्ता घेत होतो. बाकी गोदामात रात्रपाळी, हातात स्कॅनर, आणि अर्ध्या फ्लोअरवर कोंकणी. सुपरवायझरला माझा पासपोर्ट पोर्तुगीज म्हणून मी पोर्तुगीज वाटायचो, येताजाता रोनाल्डोबद्दल विचारायचा, मी पण ठोकून द्यायचो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, रजा मिळायची नाही. एका वर्षी रात्रपाळीहून सकाळी घरी आलो तर रूममेटच्या बायकोने, गोव्यातल्या सासष्टीची ख्रिश्चन बाई, माझ्यासाठी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची आरास, बांधलेली, दोरीला सफरचंदं, केळी आणि एक ब्रोकोली. तुम्ही घरासारखं कुठे वाटलं विचारलंत ना, तर त्या किचनमध्ये, सकाळी सात वाजता, ब्रोकोलीखाली.

2016 मध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी ब्रेकला एक इंग्रज सहकारी, वर्षभर माझ्याबरोबर डबा खाणारा, खरंच काळजीने विचारतो, मग तू आता परत कधी जाणार? राहायची परवानगी मिळाली नंतर, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. 2021 मध्ये बाबांची तब्येत बिघडली म्हणून आलो तो इथेच राहिलो.

आता माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. राहता येतं, काम करता येतं, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गेल्या वर्षी ग्रामसभेला गेलो, विषय होता भायल्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, खोल्या, आणि भाडेकरूंची नोंद सक्तीची करायचा ठराव. दारात सहीची वही पुढे आली आणि माझा शाळेतला मित्रच हळूच म्हणाला, ह्याचं नाव यादीत नाही. कोणी बाहेर काढलं नाही, मागे जनेलाकडे उभा राहू दिलं. पाऊण तास भायल्यांवर भाषणं झाली, चांगली झाली, मलाही पटली. मग ठरावाच्या बाजूने हात वर करा म्हणाले आणि माझा हात खांद्यापर्यंत गेलासुद्धा होता.