पहिल्या हिमवर्षावाआधीची तयारी

प्रश्न : माझे पती लष्करात असून त्यांची बदली बर्फाळ प्रदेशात झाली आहे. मी आजवर बर्फ पाहिलेलाही नाही. शिवाय ते अनेकदा कामगिरीवर बाहेर असतील. कोणती तयारी करावी?

उत्तर : जाड कोट घेण्याआधी आतल्या कपड्यांचा विचार करावा. सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओला कपडा अंगातली ऊब झपाट्याने घालवतो. म्हणून अंगालगत लोकरीचा, त्यावर ऊबदार आणि सर्वांत वर वारा अडवणारा, असे तीन थर असावेत. बूट किंचित सैलच घ्यावेत.

घराची काळजी मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. बंद खोलीत शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वासही नाही, तेव्हा त्याची सूचना देणारे यंत्र पहिल्याच दिवशी बसवून घ्यावे. तापमान ० अंश सेल्सियसच्या बरेच खाली जाणार असेल त्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू ठेवावा, कारण पाणी गोठताना प्रसरण पावते आणि पाइप फुटतो. पाण्याचा मुख्य कॉक कोठे आहे, हे पती घरी असतानाच पाहून ठेवावे. मी तो एकदा अंधारात, घोटाभर पाण्यात उभी राहून शोधला आहे.

रस्त्यावरचा काळसर, चकाकणारा पट्टा नुसता ओला नसून गोठलेलाही असू शकतो. तेथे पावले लहान टाकावीत आणि हात खिशाबाहेर ठेवावेत. बोटे पांढरी पडून बधिर झाल्यास ती चोळू नयेत; घरात येऊन कोमट पाण्यात धरावीत आणि संवेदना परतली नाही तर डॉक्टरांकडे जावे.