न्यू जर्सीत घराजवळच्या तळ्याकाठी बाल्ड ईगलचं घरटं आहे. पिल्लं कधी दिसतील आणि किती लांबून बघावं?

पिल्लांची डोकी साधारण एप्रिलमध्ये दिसू लागतील. बघताना घरट्यापासून किमान 330 फूट (सुमारे 100 मीटर) लांब राहा. अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्याच्या सूचनांमध्ये हेच अंतर आहे, आणि माझ्या मते त्याच्या दुप्पट ठेवलेलं केव्हाही बरं. तुमच्या भागात अंडी जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला घातली जातात, बहुतेकदा दोन, आणि ती सुमारे 35 दिवस उबवली जातात. नर-मादी आळीपाळीने बसतात. तेव्हा काटक्यांच्या कडेवर फक्त पांढरं डोकं दिसतं. बसणारा पक्षी उठून मान खाली घालू लागला, माशाचे बारीक तुकडे तोडून हलकेच चोच पुढे करू लागला, की पिल्लू बाहेर आलं समजा. मेमध्ये झाड पानांनी भरतं, म्हणून उभं राहायची जागा हिवाळ्यातच हेरून ठेवा. दुर्बिणीपेक्षा तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप (लांबचं मोठं करून दाखवणारी एकनळी दुर्बीण) बरा.

दोन काळ फार नाजूक: उबवणीचा, कारण पक्षी घाबरून उडाला तर थंडीत अंडी गार पडतात, आणि पिल्लं आठ ते बारा आठवड्यांची असतानाचा, कारण दचकून ती उडता येण्याआधीच खाली उडी घेतात. खाली पडलेलं पिल्लू उचलू नका, राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवा. पिल्लं तपकिरीच असतात. डोकं पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात.

हे वेळापत्रक तुमच्याच भागाचं. फ्लोरिडात सगळं दोन-तीन महिने आधी, अलास्कात बरंच उशिरा.