लिमिट वाढवली तरी स्पीड तोच? जुनी क्यू वर बसलीय

प्रश्न थोडक्यात असा: वसतिगृहात १४० खोल्या, प्रत्येक खोलीला ठरलेला आयपी, ३०० एमबीपीएसची एक लाइन, मायक्रोटिक कंपनीचा राउटर. अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशन टूलची प्लेबुक (कामांची यादी) रात्री चालते आणि खोलीगणिक सिंपल क्यू, म्हणजे त्या आयपीच्या वेगाला मर्यादा घालणारा नियम, लावते. आत्तापर्यंत ती चारदा चाललीय. पहिल्या रात्री डाउनलोड ५ एमबीपीएस होता, दुसऱ्या रात्रीपासून तुम्ही १० केलात. प्लेबुक एकही एरर देत नाही, पण मुलांना मिळतात ५च. म्हणून राउटर बदलायचा का, असं विचारताय.

राउटरला हात लावू नका. विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकची सेटिंग्ज बघायचं अ‍ॅप) क्यूजची खिडकी उघडा आणि खालचा एकूण नोंदींचा आकडा बघा. तिथे १४० नाही, ५६० दिसतील.

तुम्ही अ‍ॅन्सिबलच्या कमांड मॉड्यूलमधून (राउटरला जशीच्या तशी आज्ञा पाठवणारा भाग) सरळ 'अ‍ॅड' पाठवताय. अ‍ॅड म्हणजे अ‍ॅड. आधीची आहे का, हे राउटर विचारत बसत नाही. नाव दिलं असतंत तर दुसऱ्याच रात्री त्याने 'या नावाची क्यू आहे' म्हणून अडवलं असतं. नाव नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच क्यू१, क्यू२ अशी नावं ठोकली. आता सिंपल क्यूंचा नियम असा की पॅकेट (डेटाचा तुकडा) यादीत वरून खाली जातं आणि जिच्याशी पहिल्यांदा जुळतं तिथेच थांबतं. २०४ नंबर खोलीची ५ वाली क्यू वर आहे, १० वाल्या तिघी खाली रिकाम्या बसल्यात. त्यांचा बाइट्सचा रकाना बघा, शून्य असेल.

यावर 'रोज सगळ्या उडवा आणि नव्याने लावा' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी हे करून तोंडघशी पडलोय. आमच्या इमारतीची यादी स्प्रेडशीटमधून यायची. स्क्रिप्टने आधी सगळ्या क्यू पुसल्या, मग एकेक लावत गेली आणि ३१व्या ओळीवर आडवी झाली, कारण कुणीतरी आयपीच्या पुढे एक स्पेस सोडली होती. पुढच्या सगळ्या घरांना रान मोकळं. कुणीतरी गेम डाउनलोडला लावला आणि रात्री अकराला अख्ख्या इमारतीचं नेट रांगायला लागलं. शिवाय क्यू पुसली की तिचे डेटा मोजणारे काउंटरही जातात, आणि राउटरच्या फ्लॅश मेमरीवर रोज विनाकारण लिहिलं जातं ते वेगळंच.

म्हणून टूलने आधी वाचावं, ताडून बघावं आणि फरक असेल तेवढाच बदलावा. ओळख नावावर ठेवा, 'रूम-२०४' असं. राउटरच्या अंतर्गत क्रमांकावर नको. क्यू पुसून पुन्हा लावली की तो बदलतो. राउटरओएस म्हणजे मायक्रोटिकची ऑपरेटिंग सिस्टिम; अ‍ॅन्सिबलच्या तिच्यासाठीच्या संग्रहात 'एपीआय फाइंड अँड मॉडिफाय' नावाचं मॉड्यूल आहे. ते एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने राउटरशी बोलायच्या वाटेने, काम करतं. त्याला नाव द्या, हवी ती मूल्यं (लिमिट वगैरे) द्या, आणि किमान १ व कमाल १ जुळणी सापडायलाच हवी अशी अट घाला. दोन सापडल्या किंवा एकही नाही, तर ते तिथेच थांबेल. नवी खोली जोडण्याचं काम वेगळ्या टास्कमध्ये ठेवा. एपीआयसाठी वाचणे, लिहिणे आणि एपीआय एवढेच हक्क असलेला वेगळा युजर करा, अ‍ॅडमिन वापरू नका. सर्टिफिकेट लावून एपीआयचा सुरक्षित ८७२९ पोर्ट घ्या, आणि तोही फक्त तुमच्या मशीनच्या आयपीला उघडा.

इथे एक खोडी आहे, तिने माझी एक संध्याकाळ खाल्ली. तुम्ही यादीत '५एम/१०एम' लिहिता, एपीआय परत देतो '५००००००/१०००००००'. तुम्ही टार्गेट (क्यू ज्या आयपीला लागते तो) '१९२.१६८.८८.२०४' लिहिता, राउटर त्याला '/३२', म्हणजे 'हा एकच पत्ता', असं चिकटवतो. टूल अक्षराला अक्षर ताडतं, त्यामुळे काहीही न बदलता रोज १४० बदल झाल्याचं सांगतं. यादीतच पूर्ण आकडे आणि '/३२' लिहून टाका. आणि हो, मॅक्स-लिमिटमध्ये (क्यूचा कमाल वेग) पहिला आकडा अपलोडचा, दुसरा डाउनलोडचा. उलटं लिहिणारे निम्मे तरी भेटतात.

हे सगळं करून उलटाच प्रकार झाला, म्हणजे कुणालाच लिमिट लागेना, तर फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा (ट्रॅफिकला जवळच्या वाटेने काढणारा) नियम बंद करा. त्यातून जाणारं ट्रॅफिक सिंपल क्यूंना शिवतच नाही.

पण मला मुळात पडलेला प्रश्न वेगळाच आहे. सगळ्या खोल्यांना सारखेच १० द्यायचे असतील तर १४० क्यू हव्यात कशाला? वसतिगृहाच्या पूर्ण सबनेटवर (सगळ्या खोल्यांच्या पत्त्यांच्या पट्ट्यावर) एकच क्यू लावा. तिचं मॅक्स-लिमिट लाइनपेक्षा जरा खाली, समजा २८० ठेवा, म्हणजे पॅकेटांची रांग प्रोव्हायडरकडे न लागता तुमच्या राउटरवर लागेल. प्रकार पीसीक्यू, म्हणजे एकाच क्यूत प्रत्येक पत्त्याला सारखा वाटा देणारा: डाउनलोडसाठी डेस्टिनेशन पत्त्यावर, अपलोडसाठी सोर्स पत्त्यावर, डाउनलोडचा रेट १० एमबीपीएस. सगळे एकदम जागे असले की १४० जणांत २८० म्हणजे प्रत्येकी २, आणि पीसीक्यू ती वाटणी आपोआप करतो. वॉर्डनची किंवा ऑफिसची वेगळी क्यू लागणार असेल तर ती हिच्या वर ठेवा.

आज मात्र आधी एक्स्पोर्ट (राउटरच्या सेटिंग्जची प्रत) काढून ठेवा आणि मग खालच्या ४२० काढा, वरच्या १४० नाही. वरच्यांना नावं देऊन १० करा. खालच्यांपैकी एखादीचे बाइट्स शून्य नसतील तर ती पुसू नका. त्या खोलीचा आयपी यादीत मधेच कुणीतरी बदललाय आणि सध्या तीच खरी क्यू आहे.