समाजवाद आला की लोकशाही जाते?

प्रश्न : दांडिया बाजारातले आमचे मित्र ठासून सांगतात, ‘लोकशाही भांडवलशाहीतच टिकते.’ खरं का, ताई? – एक वाचक, बडोदे

उत्तर : मला नाही पटत. चिलीत १९७० साली समाजवादी आयेंदे निवडणुकीतून सत्तेवर आले. १९७३ मध्ये लष्कराने त्यांना उलथवलं आणि खुल्या बाजाराची धोरणं आली ती लष्करप्रमुख पिनोशेच्या हुकूमशाहीत. सोव्हिएत रशियात मात्र कारखाने सरकारी, आणि मतपत्रिकेवर वर्षानुवर्षं नाव एकच.

आपल्या संविधानाच्या सरनाम्यात ‘समाजवादी’ शब्द १९७६ साली, ऐन आणीबाणीत आला. विरोधी नेते तेव्हा तुरुंगात होते, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि तुमच्या बडोद्यात सयाजीरावांनी संस्थानभर सक्तीचं मोफत शिक्षण १९०६ मध्येच दिलं, तेही राजेशाहीत! मित्रांना विचारा, हे कुठल्या खात्यात मांडणार?