चिठ्ठ्या टाकून कारभारी निवडले, तर उपटसुंभ माणसं येणार नाहीत का?

येऊ शकतात, आणि अथेन्सवाल्यांना ते पक्कं ठाऊक होतं. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स या नगरराज्यात बहुतेक अधिकारी सोडतीनं नेमत हे खरं. पण तुम्ही विचारताय तो लायकीचा प्रश्न त्यांनी सोडतीच्या आधी आणि नंतर सोडवला होता. आपण नेमकी मधली चिठ्ठी तेवढी बघतो.

नाव निघालं म्हणून कुणी लगेच खुर्चीवर बसत नसे. आधी जाहीर चौकशी. आर्कन या वरिष्ठ अधिकारपदासाठीचे प्रश्न नोंदलेले आहेत: बाप कोण, आजा कोण, घराण्याची थडगी कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, मोहिमांवर गेला होतास का. कायदा किती येतो, हे कुणी विचारत नसे. मग कुणाची हरकत आहे का, असा पुकारा होई.

मुदत साधारण वर्षाची. संपली की 30 दिवसांत हिशेब, आणि तो मंजूर होईपर्यंत देश सोडायचा नाही की मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करायची नाही. माणूस सचोटीचा निघेल, यावर भिस्तच नव्हती. 500 जणांच्या कारभारी मंडळात (नागरिकांच्या 10 गणांतून, म्हणजे गटांतून, प्रत्येकी 50, वय 30 च्या वर) आयुष्यात दोनदाच बसता येई. त्यातल्या एकाकडे सोडतीनं खजिन्याच्या किल्ल्या आणि राजमुद्रा येत, त्याही एक दिवस-रात्रच. लाच द्यायची तरी कुणाला?

शिवाय सगळंच चिठ्ठीवर सोडलेलं नव्हतं. 10 सेनापती मत देऊन निवडत आणि, मला फार आवडणारा तपशील म्हणजे, पाणवठ्यांचा अधिकारीसुद्धा! जिथे चूक परवडत नाही तिथे जाणता माणूसच.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचं. 919 आणि 921 चे चोळकालीन शिलालेख तिथल्या देवळाच्या भिंतीवर आहेत. गावाचे 30 विभाग. प्रत्येकातून नावांच्या चिठ्ठ्या. सगळ्यांत वयस्क पुरोहित मडकं उंच धरून सभेला दाखवणार. आत काय आहे हे न कळणारा लहान मुलगा चिठ्ठी काढणार. घेणारा ती पाची बोटं पसरलेल्या तळव्यावरच झेलणार, म्हणजे हातचलाखीला जागा नको. 30 नावांतून 12 वार्षिक समितीत, 12 बागांच्या, 6 तलावाच्या. वय 35 ते 70. गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेला बाद, आणि पूर्वी हिशेब न दिलेला तर नातेवाइकांसकट बाद!

मात्र दोन्हीकडे मडक्यात नाव कुणाचं पडायचं हे आधीच ठरलेलं होतं. अथेन्समध्ये स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी बाहेर. उत्तरमेरूर हे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव, तिथे स्वतःची करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर आणि वेदाध्ययन हवं. समान संधी होती, पण निवडक लोकांतच.

महाराष्ट्रात सरपंचपदाच्या आरक्षण सोडतीत आजही बरेचदा शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. फरक एवढाच की तिथे सरपंच कोण हे ठरत नाही. कुठल्या गावचं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, एवढंच ठरतं. पुढे मतदान असतंच.