पंखा फिरतो, डिस्प्ले नाही: बोर्ड मेला नाही, तुमचा जुना आय३ आधी परत आणा

परभणीच्या भाऊंची पोस्ट वाचली. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३-२१२० प्रोसेसर, काम फ्लेक्स डिझाइन आणि लग्नाचे व्हिडिओ. जुना आय३ एक्सचेंजमध्ये देऊन सेकंडहँड आय७-३७७० आणला, घरी बसवला. आता पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आणि दुकानदार फोनवर म्हणतो, "बोर्ड गेला, नवीन घ्या." रॅम पुसणं, केबल हलवणं, सेल काढून बघणं हे सगळं तुम्ही केलंच असणार, म्हणून ते सोडतो.

नव्वद टक्के तरी हा बायोसचा (मशीन सुरू करणारं, बोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) मामला आहे. आय३-२१२० सारखे दुसऱ्या पिढीचे प्रोसेसर २०११ चे, ३७७० सारखे तिसऱ्या पिढीचे २०१२ चे. सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसरची जागा, दोघांचं एकच, ११५५. म्हणून चिप खटकन बसते आणि माणूस फसतो. एच६१ मात्र २०११ चा, त्यामुळे त्या काळी बनलेल्या बोर्डच्या बायोसला ३७७० ओळखूच येत नाही. काही बोर्ड नुसते काळे राहतात, काही दोन-तीन सेकंदांनी आपोआप बंद-चालू होत राहतात. अपडेट केलं की बरेचसे बोर्ड तिसरी पिढी घेतात. पण अपडेट करायला मशीन चालू व्हावं लागतं, आणि ते चालू होतं फक्त दुसऱ्या पिढीच्या चिपवर. म्हणजे जी तुम्ही काउंटरवर देऊन आलात तीच.

हीच चूक माझीही. त्यावर एका सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) माझं मशीन आठ दिवस ठेवून "मदरबोर्ड डेड" अशी चिठ्ठी लावून परत दिलं, तपासणीचे पैसे वेगळे. दुसऱ्या पिढीची एक चिप लावून बघायला दहा मिनिटं लागतात. तेवढं कुणी केलं नाही. बायोसची फाइल मागितली तर उत्तर, "आउट ऑफ वॉरंटी आहे सर." अहो, फाइलला कसली वॉरंटी! चिठ्ठी लिहिणाऱ्याने बोर्डकडे बघितलं तरी होतं का, देव जाणे.

तर आता काय करायचं. आय३ परत मिळत नसेल तर ११५५ चा कुठलाही दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर तासाभरासाठी उसना आणा. पेंटियम जी६२० सुद्धा चालतो. कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याच्या डब्यात असे पाच-सहा पडलेले असतात. बोर्डवर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि कोपऱ्यातलं 'रेव्ह' (बोर्डची आवृत्ती) नीट वाचा. रेव्ह १.० आणि २.० ची फाइल वेगळी असू शकते. चुकीची फाइल टाकली तर मग खरंच बोर्ड जातो. कंपनीच्या साइटवर त्याच रेव्हच्या प्रोसेसर यादीत ३७७० आहे का आणि कुठल्या बायोसपासून आहे ते बघा. काही बोर्डांवर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी घेता येत नाही, मधली एक टाकावी लागते. तसं तिथेच लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात.

फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर टाकून बायोसमधल्याच फ्लॅशच्या (बायोस अपडेटच्या) पर्यायातून घाला, विंडोजमधून नको. यूपीएस आधी तपासा, कारण आपल्याकडची लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही आणि अर्धवट फ्लॅश म्हणजे काम तमाम. (तसं झालंच तर आठ पायांची बायोस चिप प्रोग्रामरवर पुन्हा लिहिता येते. ते मात्र जाणकाराकडून करून घ्या.)

फ्लॅश करण्याआधी बायोसमध्ये साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) आयडीई आहे की एएचसीआय, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फ्लॅशनंतर सेटिंग मूळपदावर जातं, मोड बदलला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवतं आणि लोक फॉरमॅट मारून बसतात. मोड आधीसारखा केला की झालं.

यादीत ३७७० नसेलच तर वाद घालू नका, चिप परत करून आय७-२६०० घ्या. ती जुन्या बायोसवर सहसा चालते. ९५ वॉटची आहे हे मात्र लक्षात ठेवा, ३७७० ७७ वॉटची. कंपनीच्या तयार ब्रँडेड डब्यांमध्ये फ्लॅशचा मार्ग बऱ्याचदा बंदच असतो. डेल ऑप्टिप्लेक्स ३९० एच६१ असूनही तिसरी पिढी घेत नाही, ३०१० घेतो.

चिप बदलताना सॉकेटमध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. पिना बोर्डवर असतात, सगळ्यांची चमक एका रेषेत दिसली पाहिजे. एखादी वाकली असेल तर कधी कधी मशीन चालू होतं पण एका स्लॉटची रॅमच दिसत नाही.

आय३ चा चपटा ॲल्युमिनियमचा कूलर आय७ ला लावू नका. मध्ये तांब्याचा गोल असलेला स्टॉक कूलर जुन्या बाजारात मिळतो. चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. कूलरच्या चारही पुशपिना समोरासमोरच्या जोडीने दाबा, मग बोर्ड उलटा करून काळे पाय पांढऱ्यातून पूर्ण बाहेर आलेत का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तर रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावताच प्रोसेसरचं तापमान नव्वदच्या पुढे जातं. मे महिन्यात खोलीतच बेचाळीस असतं, वर जिनिंगच्या आसपास दुकान असेल तर कापसाचा तूस कूलरच्या पात्यांत नमद्यासारखा बसतो. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून.

एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) '५०० वॉट' लिहिलंय म्हणून खुश होऊ नका, स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते वाचा. १४ असतील तर त्या लाइनवर १६८ वॉटच मिळतात. नुसत्या आय७ ला पुरतील, ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर नाही.

माझं मत विचाराल तर नुसत्या फ्लेक्स डिझाइनला आय७ ची गरज नव्हती, आय५-३४७० आणि एसएसडी पुरे होतं. व्हिडिओ रेंडरला आय७ च्या आठ थ्रेडचा (एकाच वेळी आठ कामं) फरक पडतो, तिथे पैसे वसूल. एच६१ वर डिस्कसाठी जुनं, हळू साटा २ च असल्याने एसएसडी पूर्ण वेगाने पळत नाही, तरी हार्ड डिस्कपेक्षा कैक पट बरी. रॅम घेताना 'फक्त एएमडीसाठी' असलेली स्वस्त ८ जीबीची कांडी घेऊ नका, इंटेल बोर्डवर ती उठणार नाही.

फ्लॅश स्वतःच्या जबाबदारीवर करा, मी काही हार्डवेअर इंजिनिअर नाही. पण दुकानदाराला आजच फोन लावा. तुमचा आय३ त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला बसवून दिला तर उसन्या चिपसाठी गावभर फिरावं लागेल. बोर्डचं मॉडेल, रेव्ह आणि आय३ लावल्यावर दिसणारी बायोसची तारीख इथेच टाका, फाइल कुठली घ्यायची ते सांगतो.