ईसीजी नॉर्मल, तरी छातीत दुखतंच

“ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, तरी छातीत दुखतंय. डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटलं तर नसेल?” तिशीच्या अलीकडची-पलीकडची मंडळी हा प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात जाड फाइल असते आणि मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ. २०२१ साली अभिनेते सिद्धार्थ शुक्ला ४० व्या आणि पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेले, ती नावं या बोलण्यात अजून निघतात. त्यातलंच हे एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय २९, नोकरी हिंजवडीत, घर वाकडला. ऑफिसातला छत्तिशीचा सहकारी बॅडमिंटन खेळताना कोसळला आणि गेला. त्यानंतर पंधरवड्यात, उशिरा जेवून आडवं झाल्यावर याच्या छातीत डावीकडे टोचलं. धडधड, घशाशी दाटलेलं, बोटांना मुंग्या. रुग्णालयात लगेच ईसीजी झाला, तीन तासांच्या अंतरानं दोनदा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) झालं, सगळं नॉर्मल. “टेन्शन घेऊ नका” असं सांगून घरी पाठवलं. पुढच्या तीन महिन्यांत त्यानं वेगवेगळ्या ठिकाणी आणखी चार ईसीजी आणि दोन इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतले. जिने सोडले, आतकरवाडीहून सिंहगड चढणं सोडलं. बायको म्हणाली, “रात्री दोनला उठून बसतो आणि माझा हात धरून म्हणतो, ठोके मोज.”

अशा माणसाला पहिल्याच भेटीत “हे मनाचं आहे” म्हणणं चूक. दुखणं खरंच असतं, ते नीट विचारावं लागतं. याचं दुखणं एका बोटानं दाखवता येत होतं. सुई टोचावी तसं काही सेकंद, नाहीतर दिवसभर बारीक ठसठस. छातीच्या मधल्या हाडाला बरगडी जिथे जुळते, तिथे दाबलं की दुखायचं, कुशीवर वळताना वाढायचं. तिथल्या कूर्चेला सूज आली की असं होतं. रात्री अकराला जेवून लगेच झोपल्यावरची जळजळ वेगळी, ती ॲसिडिटीची. तिसरी गोष्ट म्हणजे भीतीचा झटका. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरू लागतो. भराभर श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यानं मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणसाला वाटतं, हाच तो अटॅक.

हृदयाचं दुखणं दाखवताना माणूस बोट नाही, अख्खा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवतो. दाब, आवळल्यासारखं, ओझं ठेवल्यासारखं. ते जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे किंवा पाठीत पसरतं. चालताना वाढतं, थांबल्यावर काही मिनिटांत कमी होतं. अटॅकमध्ये विश्रांतीनंही थांबत नाही, वर गार घाम, मळमळ, धाप. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत हे चित्र पुष्कळदा इतकं स्पष्ट नसतं. शिवाय दाबल्यावर दुखतं, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. म्हणून पहिला निकाल डॉक्टरांचाच.

पण तो एकदा नीट लागल्यावर पाचवा ईसीजी काय सांगणार? ईसीजी त्या घटकेचं सांगतो. रक्तवाहिनीत हळूहळू साचत चाललेली चरबी आरामात पडून काढलेल्या पट्टीत दिसेलच असं नाही. त्यामुळे दर वेळी दोन दिवसांचं समाधान मिळतं आणि तिसऱ्या रात्री शंका परत येते.

त्या जाड फाइलमध्ये नव्हता तो लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. वडिलांची अँजिओप्लास्टी ५२ व्या वर्षी झालेली, हे तिसऱ्या भेटीत सहज बोलण्यातून निघालं. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो धोका मोजायचा असतो. आणि ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहासोबत रोज चार-पाच सिगारेटी, “टेन्शन कमी व्हावं म्हणून.” हृदयाची इतकी धास्ती आणि हातात सिगारेट, हे एकाच माणसात सर्रास दिसतं. भीती छातीतल्या कळेकडे बघते, धोका दुसरीकडे बसलेला असतो.

फिजिशियननं रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि आयुष्यात एकदा तपासावं असं लिपोप्रोटीन-ए (रक्तातल्या चरबीचा एक आनुवंशिक प्रकार), एवढं पाहिलं. कमरेचा घेरही मोजला, भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७१ निघालं, बाकी ठीक. (१९० च्या वर असतं तर आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागला असता.) व्यायाम पुन्हा सुरू करायचा म्हणून ट्रेडमिल टेस्ट झाली, तीही चांगली आली. या परवानगीशिवाय पुढचं काम सुरू करता येत नाही.

मग वही. कळ कधी आली, आधी काय खाल्लं, काय करत होता, मनात काय आलं, किती वेळ टिकली. घड्याळात ठोके बघायची ऊर्मी आली की दहा मिनिटं थांबायचं, जमलं की वीस, मग चाळीस. बायकोनं ठोके मोजायचे नाहीत, “वहीत लिही” एवढंच म्हणायचं. पहिल्या आठवड्यात यावरून घरात चांगलंच वाजलं. तिला निष्ठुर वाटत होतं, त्याला एकटं. नंतर जागच्या जागी मिनिटभर धावून, नाडी न बघता धडधडत्या छातीनं बसून राहायचं. मग चार मजले, मग वेताळ टेकडी.

श्वासाचा व्यायाम शिकवला, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, रोज पाच मिनिटं. इथे बरेच जण घसरतात. झटका आला की श्वास मोजायचा आणि “गेला का, गेला का” तपासायचं, म्हणजे घड्याळाच्या जागी श्वास आला, एवढंच. म्हणून तो शांत वेळी करायचा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय टाळावा, दुखणं खरंच हृदयाचं किंवा फुप्फुसाचं असेल तर तो घातक ठरतो.

फ्रिजवर मात्र एक कागद लावला. कागदानं भीती वाढेल असं बायकोला वाटत होतं, पण रात्री दोनला निर्णय घेण्यापेक्षा तो आधी लिहून ठेवलेला बरा. दाबल्यासारखं दुखणं दहा-पंधरा मिनिटं टिकलं, पसरलं, घाम किंवा धाप लागली, तर १०८. गाडीला किक मारून एकट्यानं निघायचं नाही. ईसीजी काढायला लॅबकडे न जाता चोवीस तास अँजिओप्लास्टी होणाऱ्या रुग्णालयात जायचं. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर १०८ वरच्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅम चावून खायची. शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवायची नाही, रक्तदाब एकदम पडू शकतो. कुणी कोसळला, हाक मारूनही हलत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायचं.

काही जणांना तर समुपदेशकाकडे थांबूच देऊ नये. व्यायाम करताना भोवळ येऊन पडलेले, घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलेलं, तापानंतर काही दिवसांत छाती दुखू लागलेले, किंवा उंच-सडपातळ मुलगा ज्याला अचानक एका बाजूला कळ येऊन दम लागला. यांना आधी डॉक्टर.

तीन महिन्यांनी सिगारेट सुटली होती, एलडीएल १४९ वर आलं होतं. वडिलांचा इतिहास पाहून फिजिशियननं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केलं. त्यावर याचा फोन, “म्हणजे आता मी हार्ट पेशंट झालो का?” पुढचा आठवडा पुन्हा वहीचा गेला. गोळी चालू आहे, सिंहगडही. २५ वर्षांच्या धाकट्या भावालाही तीच रक्ततपासणी सांगितली आहे. “मला कुठं काय होतंय” म्हणून त्यानं ती अजून केलेली नाही.